फायलीत नाव नसलेला कारखानदार

गावच्या नळयोजनेच्या फायलीत पुष्कळ नावं असतात. ग्रामपंचायतीचा ठराव असतो, उपअभियंत्याचं अंदाजपत्रक असतं, कार्यकारी अभियंत्याची मान्यता, ठेकेदाराचा करारनामा आणि मोजमाप पुस्तिकेतल्या सह्या असतात. ज्याच्या यंत्रावर तो पाइप काढला गेला, त्याचं नाव शोधायला मात्र फाइल शेवटापर्यंत उलटावी लागते. सापडलंच तर ते चाचणी प्रमाणपत्राच्या पुसट झेरॉक्सवर सापडतं. सरकारशी त्याचा करार नसतो. बिल निघालं की नाही, हे त्याला कोणी कळवत नाही. पाइप फुटला की गावाचा राग ठेकेदारावर निघतो, ठेकेदाराचा अभियंत्यावर. पण त्या पाइपमध्ये काय भरलं होतं, हे खात्रीने सांगू शकणारा एकच माणूस असतो. तोच त्या सगळ्या गदारोळात कुठे दिसत नाही.

हा लेख त्या माणसाबद्दल आहे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पाइप काढणारा, कोल्हापूरजवळच्या शिरोलीत कास्टिंग ओतणारा, भोसरीत इलेक्ट्रिक पॅनेल जोडणारा. यांतले बहुतेक जण स्वतः निविदा भरत नाहीत, आणि त्याला कारणंही तशीच सबळ असतात. निविदेत मागच्या काही वर्षांच्या उलाढालीची अट असते, तशाच स्वरूपाचं काम पूर्ण केल्याचा दाखला लागतो, बयाणा रक्कम अडकते, सुरक्षा ठेव दोषदायित्वाचा काळ संपेपर्यंत परत मिळत नाही. पंचवीस-तीस कामगारांचा पगार दर महिन्याला करणाऱ्याला हे झेपत नाही. मग निविदा दुसरा कोणी भरतो. तो काम घेतो, कधी त्यातलं थोडं, कधी सगळंच पोटठेकेदाराला देतो. पोटठेकेदार एखाद्या व्यापाऱ्याकडे मालाची मागणी नोंदवतो आणि व्यापारी कारखान्यात फोन करतो.

या मधल्या माणसांना सरसकट दलाल म्हणून हिणवणं मला पटत नाही. त्यांच्यातले अनेक जण स्वतःचं भांडवल घालतात, उधारी सोसतात, चर खणायला गावातून वाट मिळवतात, विभागाच्या दारात महिनोन्‌महिने बिलासाठी उभे राहतात. ‘जेम’ हे सरकारी खरेदीचं पोर्टल २०१६ मध्ये सुरू झालं, तेव्हा आता मधला माणूस संपला असं बोललं गेलं. तो संपला नाही. आज त्याच पोर्टलवर उत्पादकाकडून अधिकार घेतलेले पुनर्विक्रेते रीतसर बोली लावतात, आणि त्यात बेकायदा काहीच नाही. अडचण वेगळी आहे. मधे एक-दोन माणसं आली की कारखानदाराला वाटू लागतं, आपलं गिऱ्हाईक म्हणजे हा फोन करणारा. त्याने मागितलं ते दिलं, त्याचे पैसे आले, आपला संबंध संपला. माझं म्हणणं नेमकं इथे आहे. कारखानदाराच्या सहीचे कागद त्या साखळीतून सरकारी टेबलापर्यंत जातात आणि तिथे त्या सहीवर विश्वास ठेवून निर्णय होतात. त्या सहीची जबाबदारी मधल्या कोणावरही ढकलता येत नाही.

सुरुवात फार छोट्या गोष्टीने होते. ‘साहेब, एक सपोर्टिंग कोटेशन द्या.’ शासकीय खरेदीशी संबंध आलेल्या कुठल्याही कारखानदाराने हे वाक्य ऐकलेलं असतं. लहान खरेदीत तीन दरपत्रकं लागतात, आणि ज्याला माल द्यायचा आहे तोच तिन्ही आणून देतो. दोन मित्रांच्या लेटरहेडवर थोडा चढा दर टाकून घेतो. देणाऱ्याला त्यात पैसा मिळत नाही, तो ओळखीखातर देतो. उद्या आपल्यालाही लागेल, हा हिशेब मनात असतो. चोरी केल्यासारखं कोणालाच वाटत नाही.

पुण्यात याच सवयीचं मोठं रूप उघडं पडलं. डिसेंबर २०१४ ते मार्च २०१५ या काळात पुणे महानगरपालिकेने घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या उभारणीसाठी आणि देखभालीसाठी निविदा काढल्या होत्या. नागरिक चेतना मंच या संस्थेने त्यांत संगनमत झाल्याची तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाकडे केली. चौकशीत दिसलं ते असं: स्पर्धक म्हणून कागदोपत्री उभ्या असलेल्या कंपन्यांच्या बोली एकाच ठिकाणच्या इंटरनेट जोडणीवरून भरल्या गेल्या होत्या, आणि एकाच्या बयाण्याची सोय दुसऱ्याकडून झाली होती. काही बोलीदार तर या धंद्यातलेच नव्हते. स्पर्धा असल्याचं दिसावं, बोलीदारांची संख्या भरावी, यासाठी त्यांनी नाव आणि कागद वापरू दिले होते. १ मे २०१८ रोजी आयोगाने आदेश दिला आणि कंपन्यांबरोबर त्यांच्या कारभाऱ्यांनाही व्यक्तिशः दंड ठोठावला. पुढे येऊन कबुली देणाऱ्यांना कायद्यातल्या तरतुदीप्रमाणे दंडात सवलत मिळाली. पण ‘आम्हाला यात काय मिळालं, आम्ही तर नुसते कागद दिले’ हा बचाव टिकला नाही.

तो टिकू नये, हेच योग्य होतं. ज्याने फायदा घेतला त्याचा लोभ तरी दिसतो. ज्याने नुसतं लेटरहेड दिलं, त्याने महानगरपालिकेला सांगितलं की मी हे काम अमुक दराने करायला तयार आहे. तो तयार नव्हता. त्या खोट्या तयारीवर एका शहराच्या कचऱ्याचा भाव ठरला. म्हणून सपोर्टिंग कोटेशनला नाही म्हणणं ही माझ्या मते या धंद्यातली पहिली कसोटी आहे. ती अवघड आहे, कारण मागणारा परका नसतो.

याहून नाजूक प्रसंग पुढचा. एका योजनेची निविदा निघाली आहे. तीन ठेकेदार ती भरणार आहेत आणि तिघांनीही एकाच कारखान्याकडे दर मागितला आहे. पहिला वीस वर्षांचा गिऱ्हाईक. दुसरा नवा, पण रोख पैसे देणारा. तिसऱ्याने योजनेचा सुगावा लागल्यापासून कारखानदाराला सोबत घेऊन गावाची पाहणी केली, पाइपचे व्यास काढून दिले, वर्षभर खपला. दर कोणाला किती द्यायचा? पहिला चहा पिता पिता विचारतो, ‘बाकीच्यांना काय दिलंत?’

तिघांनाही सारखाच दर दिला पाहिजे, असं माझं मत नाही. मोठ्या मागणीला सवलत असते, रोखीला वेगळा भाव असतो, आणि ज्याने काम उभं केलं त्याच्याशी आधीच एकट्यालाच दर द्यायचं ठरलं असेल तर तो शब्द पाळलाच पाहिजे. पण मग बाकी दोघांना तसं स्पष्ट सांगावं: या कामात मी अमक्याबरोबर आहे, तुम्हाला दर देता येणार नाही. त्यांना मुद्दाम चढा दर देऊन खेळवत ठेवणं ही फसवणूक आहे, कारण त्या दरावर ते आपली बोली बांधणार आहेत. आणि एकाचा दर दुसऱ्याला सांगणं तर कुठल्याही परिस्थितीत नाही. स्पर्धकांनी एकमेकांशी थेट बोलायची गरजच राहत नाही, सगळ्यांचे दर माहीत असलेला पुरवठादार मधे बसला की रिंग आपोआप जुळते. २०२३ मध्ये स्पर्धा कायद्यात याच कारणासाठी दुरुस्ती झाली. स्वतः त्या धंद्यात स्पर्धक नसलेला, पण संगनमत पुढे नेण्यात भाग घेणारा घटकही आता त्या कराराचा भाग मानला जातो. कारखानदारांच्या संघटनांनी ही दुरुस्ती आपल्या सभासदांना समजावून सांगायला हवी होती. ती चर्चा मी फारशी कुठे ऐकली नाही.

निविदा निघण्याआधीही कारखानदाराकडे माणूस येतोच. स्पेसिफिकेशन ‘बसवून’ द्यायला. विभागाकडे तज्ज्ञ नसतो, म्हणून उत्पादकाकडून तांत्रिक माहिती घेतली जाते. तेवढं गैर नाही. गैर तेव्हा होतं, जेव्हा एखादं माप, एखादी क्षमता अशी लिहिली जाते की तिचा उपयोगाशी संबंध नसतो आणि ती दुसऱ्या कोणाच्या मालात बसत नाही. इथे साधा प्रश्न विचारता येतो. ही अट काढली तर गावाला कमी पाणी मिळेल का, दवाखान्यातलं यंत्र कमी चालेल का? नाही, असं उत्तर आलं तर ती अट फक्त स्पर्धक बाहेर ठेवण्यासाठी आहे.

मग अधिकारपत्र. ‘अमुक विक्रेता आमच्या मालासाठी निविदा भरण्यास अधिकृत आहे आणि विक्रीपश्चात सेवेची आम्ही हमी देतो,’ असं पत्र उत्पादक देतो. पुष्कळ कारखान्यांत ते कोऱ्या तारखेचं सही करून ठेवलेलं असतं. विक्रेता निविदेचा क्रमांक नंतर भरतो. हे पत्र एकेका निविदेसाठी, क्रमांक आणि मुदत घालून द्यावं, आणि दिलेल्या पत्रांची वही ठेवावी. सेवा द्यायला माणूस नसेल तर हमी देऊच नये. देशी मालाला प्राधान्य देण्याचा केंद्राचा २०१७ चा आदेश आल्यापासून आणखी एक कागद मागितला जातो: मालात स्थानिक मूल्य किती, याचं स्वयंघोषणापत्र. पहिल्या वर्गातला पुरवठादार ठरायला निम्मं किंवा त्याहून अधिक मूल्य देशातलं लागतं. बाहेरून तयार आलेल्या वस्तूवर आपली पट्टी चिकटवून हा आकडा लिहिणारे आहेत. आदेशाप्रमाणे खोट्या घोषणेसाठी दोन वर्षांपर्यंत व्यवहारातून बाद करता येतं. पण अशी खोटी घोषणा करणाऱ्यांमुळे प्रामाणिकपणे देशात माल बनवणारा मागे पडतो, हे मला अधिक लागतं.

आता पाइपकडे येतो, कारण या सगळ्या कागदांत चाचणी प्रमाणपत्राइतका जड कागद दुसरा नाही.

पिण्याच्या पाण्याच्या काळ्या पॉलिथिलीन पाइपला आयएस ४९८४ हे भारतीय मानक लागू आहे. पाइप कोणत्या दर्जाच्या कच्च्या मालाचा, किती दाब सोसणारा, भिंत किती जाड, हे सगळं त्यात ठरलेलं आहे. पाइपचा काळा रंग शोभेसाठी नसतो. कार्बन ब्लॅकमुळे उन्हातल्या अतिनील किरणांपासून प्लास्टिकचा बचाव होतो, आणि त्याचं प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास, अर्ध्या टक्क्याच्या फरकात असावं लागतं. कमी पडलं तर उन्हात ठेवलेला पाइप हळूहळू ठिसूळ होतो. जास्त झालं किंवा नीट मिसळलं नाही तरी ताकद घटते. बाहेरून दोन्ही पाइप सारखेच काळे, सारखेच चकचकीत.

फसवणूक इथेच शक्य होते. प्लास्टिकच्या नव्या दाण्याच्या जागी भंगारातून काढलेला दाणा मिसळायचा, भिंत अर्धा मिलिमीटर बारीक करायची, खालच्या दाबाच्या पाइपवर वरच्या दाबाचा छाप मारायचा. ठेकेदार अंदाजपत्रकाच्या पंधरा-वीस टक्के खाली जाऊन काम घेतो, पोटठेकेदाराला आणखी खाली देतो, आणि शेवटी कारखान्यात फोन येतो: ‘या भावात बसवा.’ त्या भावात मानकाचा पाइप बसत नाही, हे दोघांनाही माहीत असतं. दाण्याचा आजचा भाव दोघांच्याही फोनवर असतो. तरीही प्रमाणपत्र मागितलं जातं ते मानकाचंच. भारतीय मानक ब्युरोचा परवाना क्रमांक छापलेला तो कागद त्रयस्थ तपासणी संस्थेपुढे जातो, अभियंत्यापुढे जातो, बिलाला जोडला जातो. पाइप तोपर्यंत मीटरभर खाली गाडलेला असतो.

चाचणीचे नमुने वेगळे आणि पाठवलेला माल वेगळा, हा सगळ्यांत जुना प्रकार. त्यावरचा उपायही जुनाच आहे, फक्त कष्टाचा आहे. प्रत्येक प्रमाणपत्रावर बॅच क्रमांक असावा, तोच पाइपवर असावा, तोच चलनावर असावा, आणि त्या बॅचला वापरलेल्या दाण्याचं खरेदी बिल कारखान्यात जपलेलं असावं. महिन्याला किती टन दाणा आला आणि किती टन पाइप गेला, याचा मेळ कोणीही तासाभरात घालू शकतो. ज्या कारखानदाराला हा मेळ दाखवायला भीती वाटत नाही त्याला मधल्या माणसाशी बोलताना फार वाद घालावा लागत नाही. ‘या भावात या दाबाचा पाइप होत नाही, खालच्या दाबाचा होईल आणि त्यावर तोच छाप असेल,’ एवढं तो सांगतो. गिऱ्हाईक उठून जातं. पुष्कळदा जातंच. हे नुकसान खरं आहे. प्रामाणिक माणसाकडे गिऱ्हाईक शेवटी परत येतं, असं आश्वासन मी कोणालाही देणार नाही. शेजारचा कारखानदार ती ऑर्डर घेतो आणि नवं मशीनही घेतो.

बिल वाढवून रोख परत मागणाऱ्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण इथे शंकेला जागा नाही. शंभराच्या मालाचं बिल एकशे वीसचं करा, वरचे वीस रोख द्या. ते वीस कुठे जातात हे विचारू नका. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून लाच देणाराही गुन्हेगार आहे. दबावाखाली द्यावी लागली तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवणाऱ्यालाच त्यातून सूट आहे. कंपनीच्या वतीने दुसऱ्या कोणी दिली तरी कंपनीला उत्तर द्यावं लागतं. ‘मी विचारलं नाही’ याने सुटका होत नाही.

एवढं सगळं पाळणाऱ्याला बदल्यात वेळेवर पैसे तरी मिळतात का? या विषयावर बोलताना नीतीची भाषा करणारे बहुतेक जण इथे गप्प होतात, आणि मला ते अन्यायाचं वाटतं.

जल जीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाली. २०२४ पर्यंत प्रत्येक ग्रामीण घराला नळ, असं उद्दिष्ट होतं. २०२५ च्या अर्थसंकल्पात मुदत २०२८ पर्यंत वाढली. मधल्या काळात महाराष्ट्रात कामं झाली, बिलं थकली. जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका तरुण कंत्राटदाराने आत्महत्या केली. थकलेल्या बिलांमुळे तो कर्जात बुडाल्याचं कुटुंबाने आणि कंत्राटदारांच्या संघटनेने सांगितलं. सरकारकडून उत्तर आलं की त्याच्या नावावर आमच्याकडे बिल प्रलंबित नाही, तो पोटठेकेदार असावा. हे उत्तर नोंदींप्रमाणे कदाचित बरोबरही असेल. पण त्याने केलेलं काम जमिनीत होतं आणि त्याचं नाव फायलीत नव्हतं. साखळीत त्याच्याही मागे उभ्या असलेल्या पाइपवाल्याचा, व्हॉल्व्हवाल्याचा विषय तर कोणी काढलाही नाही.

कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांना संरक्षण दिलेलं आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे त्यांच्या मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. दाद मागायला सुविधा परिषदा आहेत, आणि परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकर कायद्यातही बदल झाला. या उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट पैसे देईपर्यंत मिळत नाही. कागदावर याहून काय हवं? प्रत्यक्षात खरेदी आदेशात ‘बॅक टू बॅक’ ही अट असते: विभागाकडून आम्हाला मिळाले की तुम्हाला मिळतील. परिषदेत जाणारा पुन्हा ऑर्डरची आशा ठेवू शकत नाही. आणि वस्तुविक्रीच्या कायद्यात पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला माल ताब्यात असेपर्यंत अडवून ठेवायचा हक्क आहे. गाडलेल्या पाइपवर तो हक्क कुठून बजावणार?

पैसे अडकले की माणूस वाकतो. सहा महिन्यांची उधारी ज्याच्याकडे अडकली आहे, त्यानेच पुढचं कोऱ्या तारखेचं अधिकारपत्र मागितलं तर नाही म्हणायला छाती लागते. म्हणून व्यावसायिक सचोटी हा केवळ स्वभावाचा प्रश्न आहे, असं मी मानत नाही. ती उधारीच्या मर्यादेवर उभी असते. एकाच ठेकेदाराकडे किती रक्कम अडकू द्यायची हे आधी ठरवणारा, सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी माल पाठवण्यापूर्वीच करून ठेवणारा, चलनाची पोच घेतल्याशिवाय ट्रक न सोडणारा कारखानदार नंतर नाही म्हणू शकतो. ज्याने हे केलं नाही, त्याच्याकडे सत्त्व असूनही पर्याय उरत नाही.

पोटठेक्यांची ही साखळी दर्जा कसा खाते, हे या देशाला फार पूर्वी एका अभियंत्याने लिहून कळवलं होतं. सत्येंद्र दुबे हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात, सुवर्ण चतुष्कोनाच्या कामावर होते. मोठ्या कंपन्या घेतलेली कामं कुवत नसलेल्या लहान ठेकेदारांना वाटून देत आहेत, असं त्यांनी २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला पत्राने कळवलं. नाव गुप्त ठेवा, अशी विनंतीही त्या पत्रात होती. ती पाळली गेली नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांचा खून झाला. तपास यंत्रणेने तो लुटीतून झालेला ठरवला. पण देश हादरला, आणि २००४ मध्ये तक्रारदाराची ओळख गुप्त ठेवणारी व्यवस्था केंद्राने केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवली. तक्रारदारांच्या संरक्षणाचा २०१४ चा स्वतंत्र कायदा मात्र संसदेत मंजूर होऊनही अमलात आलेला नाही. पोटठेक्यातलं गैर जवळून पाहणारा कारखानदार आज बोलायचं ठरवतो तेव्हा त्याच्या पाठीशी एवढंच आहे.

म्हणून अपेक्षा दोन्ही बाजूंनी ठेवली पाहिजे. मोठ्या सार्वजनिक उपक्रमांच्या निविदांत लाच देणार-घेणार नाही असं लिहून देणारा सचोटी करार असतो आणि त्यात पोटठेकेदारांकडूनही तसंच वचन घेण्याची अट असते. जिल्हा परिषदेच्या लहानशा योजनेतही तशी अट एका पानात घालता येईल. त्या पानावर कारखान्याचं नाव, परवाना क्रमांक आणि फोन असावा. अभियंत्याने प्रमाणपत्र बिलाला जोडण्यापूर्वी त्या फोनवर एकदा विचारावं: अमुक बॅचचा, एवढ्या मीटरचा माल तुम्ही या गावाला पाठवला का? या एका फोनने चोरून छापलेली प्रमाणपत्रं निम्म्याहून अधिक थांबतील, असा माझा अंदाज आहे. आणि ठेकेदाराचं अंतिम बिल देण्याआधी त्या कारखान्याचे पैसे चुकते झाल्याची पावती मागावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. निविदेच्या अटींत दोन ओळी वाढवाव्या लागतात, आणि ते विभागाच्या हातात आहे.

गावकऱ्यांच्या हातातही काही आहे. चर बुजवण्यापूर्वी पाइपवरचा छाप वाचा. त्यावर मानकाचा क्रमांक, दाबाचा आकडा, उत्पादकाची खूण आणि परवाना क्रमांक असतो. मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर तो परवाना चालू आहे की नाही, हे कोणालाही तपासता येतं. छापाचा आणि अॅपवरच्या नोंदीचा फोटो काढून ग्रामसभेच्या वृत्तान्ताला जोडा, आणि कारखान्याचं नाव ठरावात लिहून घ्या.